विंचवाचं बिऱ्हाड आणि साखरसम्राटांचे वाडे : बार्बाडोसची जुनी घरं कशी बघावीत

प्रश्न थोडक्यात असा : क्रिकेटच्या सामन्यासाठी तुम्ही दोघं बार्बाडोसला जाताय, हाताशी चार मोकळे दिवस आहेत आणि जुनी घरं बघायची हौस आहे. सेंट निकोलस ॲबी हे घर डच म्हणायचं की इंग्रजी? इतकी वादळं येऊनही ही घरं साडेतीनशे वर्षं टिकली कशी? आणि फोटोंत दिसणारी ती गुलाबी-निळी लाकडी घरं खरंच जुनी आहेत, की पर्यटकांसाठी उभी केलेला देखावा?

मी चुन्यातल्या जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करते, बावीस वर्षं झाली. बहुतेक काम कोकणात आणि थोडं देशावर. बार्बाडोसला दोनदा गेले, तीही चुन्याच्याच पायी. त्यामुळे हे उत्तर भिंतीकडे बघणाऱ्या बाईचं आहे, इतिहासाच्या प्राध्यापकाचं नव्हे. आणि तुमचा तिसरा प्रश्न मला पहिल्या दोघांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, हेही आधीच सांगून टाकते.

सुरुवात दगडापासून करू. बेट लहान आहे : लांबी सुमारे ३४ किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण आपल्या बृहन्मुंबईएवढं. त्याच्या सुमारे ८५ टक्के भागावर प्रवाळाच्या चुनखडीचं जाड कवच आहे. हा दगड खाणीतून काढताना इतका मऊ असतो की करवतीने कापता येतो. हवा लागली, आतला ओलावा निघून गेला की वरची साय घट्ट होते. कोकणातल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. जांभ्याचा चिरा नेमका असाच वागतो. फरक एवढाच की जांभा लोखंडाच्या अंशामुळे तांबडा, तर हा पांढरट पिवळा आणि जवळून बघितलात तर अंगात शंख-शिंपल्यांचे आणि प्रवाळाच्या फांद्यांचे ठसे. त्याच दगडाचे तुकडे भट्टीत भाजले की चुना मिळतो. म्हणजे भिंत आणि तिला जोडणारा मसाला, दोन्ही एकाच आईची लेकरं. लाकडाची गोष्ट मात्र उलटी. इंग्रज १६२७ मध्ये आले तेव्हा बेटावर दाट रान होतं. १६४० नंतर ऊस आला आणि पंचवीसएक वर्षांत बहुतेक रान तुटून गेलं. तेव्हापासून तुळई असो की फळी, इमारती लाकूड मुख्यतः उत्तर अमेरिकेतून जहाजाने येऊ लागलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सेंट निकोलस ॲबी. नावात ॲबी असली तरी तिथे मठबिठ कधी नव्हता. कर्नल बेंजामिन बेरिंजर नावाच्या मळेवाल्याने १६५८ मध्ये बांधलेलं हे राहतं घर. समोरून बघितलं की छपराच्या टोकाशी तीन वळणदार माथे दिसतात, लाटेसारखे वर जाऊन पुन्हा खाली येणारे. या माथ्यांना ‘डच गेबल’ म्हणतात आणि तुमचा गोंधळ त्यावरूनच झालाय. पण त्या काळात इंग्लंडमध्येही हीच फॅशन होती. घर पक्कं इंग्रजी आहे, आणि त्याचा पुरावा छपरावरच उभा आहे : धुराडी! हिवाळा म्हणजे काय हे ज्या बेटाला ठाऊक नाही, तिथे झोपायच्या खोल्यांत शेकोट्या बांधल्यात. नकाशा इंग्लंडहून तयार आला आणि इथल्या गवंड्यांनी तो मुकाट्याने उभा केला, असं सांगतात. मला ते सहज पटतं. साहेबाच्या नकाशापुढे बोलायची सोय आपल्याकडे तरी कुठे होती?

वारा कुठून येतो हे ओळखायलाही सुरुवातीच्या इंग्रजांना वेळ लागला. १६४७ ते १६५० या काळात तिथे राहिलेल्या रिचर्ड लिगॉनने लिहून ठेवलंय की हे लोक घराची पूर्वेकडची बाजू बंद ठेवतात आणि पश्चिमेकडे उघडतात. म्हणजे वारा बाहेर आणि दुपारचं ऊन आत. कारण साधं होतं. वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो, आणि तो अडवायला धड झडपा नव्हत्या. पुढे झडपांच्या खिडक्या आल्या, स्वयंपाकघर घरापासून तोडून वेगळं झालं, बऱ्याच नंतर पुढे पडवी आली. वसाहतीतलं घर शहाणं व्हायला शंभर-दीडशे वर्षं लागली असं म्हणा ना.

या घराला एक काळी गोष्टही चिकटलेली आहे. बेरिंजर १६६१ च्या सुमारास मेला आणि त्याच्या विधवेने थोड्याच दिवसांत त्याचा शेजारी जॉन यीमन्स याच्याशी लग्न केलं. खून यीमन्सनेच केला अशी बोलवा तेव्हापासून आहे. पुढे हा यीमन्स अमेरिकेत कॅरोलायनाचा गव्हर्नर झाला. गाइड ही गोष्ट रंगवून सांगतील; ऐका, पण त्या वेळात डोळे जिन्याकडे असू द्या. तो अठराव्या शतकातला, चिनी धाटणीच्या जाळीदार कठड्याचा आहे, म्हणजे मूळ घरानंतर बराच उशिरा बसवलेला. जुनं घर हे एका साली बांधलेलं नसतंच कधी. २००६ पासून ते एका स्थानिक वास्तुविशारदाच्या कुटुंबाकडे आहे, नीट राखलंय, तिथे रमही गाळतात.

याच जातीचं दुसरं घर म्हणजे ड्रॅक्स हॉल, सेंट जॉर्ज परगण्यात. तेही सतराव्या शतकाच्या मध्याचं. ही दोन आणि अमेरिकेत व्हर्जिनियातला बेकन्स कॅसल, अशी तीनच जेकबियन, म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडच्या शैलीची घरं अटलांटिकच्या त्या बाजूला उरलीत असं मानतात. ‘साखरसम्राट’ हा शब्द आपण आपल्या पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलाय, पण जेम्स ड्रॅक्स हा त्या जातीचा मूळपुरुष म्हणायला हरकत नाही. साखर करण्याची विद्या ब्राझीलमधून आणून तिच्यावर गडगंज झालेल्या पहिल्या काही जणांतला तो. गंमत म्हणा की आणखी काही, पण मळा आजही त्याच घराण्याकडे आहे. त्यातली ५३ एकर जमीन घरबांधणीसाठी विकत घ्यायचा सरकारचा बेत होता. ज्यांनी गुलामीवर कमावलं त्यांनाच पुन्हा पैसे का द्यायचे, म्हणून लोक भडकले आणि २०२४ मध्ये सरकारला तो थांबवावा लागला. घर खासगी आहे. फाटकाशी उभं राहून हात हलवू नका, लांबूनच बघा.

वादळांबद्दल दोन खऱ्या गोष्टी आधी सांगते, मग भिंतीकडे वळू. पहिली म्हणजे नशीब. बार्बाडोस बाकीच्या बेटांच्या माळेपासून सुमारे १६० किलोमीटर पूर्वेला, एकटं पडलेलं आहे आणि बरीच वादळं त्याच्या उत्तरेने निघून जातात. दुसरी म्हणजे, आज जी उभी दिसतात तीच आपण मोजतो; पडलेली कोण मोजणार? १० ऑक्टोबर १७८०च्या वादळात या एका बेटावर सुमारे साडेचार हजार माणसं मेली. गव्हर्नरच्या घराच्या भिंती तीन फूट जाड होत्या, तरी त्याला कुटुंब घेऊन तळघरात पळावं लागलं. पडझड बघून ब्रिटिश आरमाराच्या ॲडमिरल रॉडनीला वाटलं की वाऱ्याबरोबर भूकंपही झाला असला पाहिजे. ऑगस्ट १८३१ मध्ये पुन्हा तसंच झालं. तुम्हाला आज दिसणारी बरीचशी ‘जुनी’ घरं आणि चर्चं खरं तर १८३१ नंतर नव्याने बांधलेली किंवा निम्मी पुन्हा उभी केलेली आहेत.

या माराने गवंडी काय शिकले, ते बघण्यासारखं आहे. रस्त्यावरून १८३१ नंतरची मोठी घरं बघताना छप्पर शोधा. पुष्कळदा दिसणारच नाही. भिंत छपराच्याही वर कठड्यासारखी चढवलेली असते आणि तिच्याआड छप्पर दडलेलं असतं. वारा छपराला वरून दाबून मोडत नाही, तो वळचणीच्या खाली हात घालून उचलतो. कठड्याने वळचणच नाहीशी केली. शिवाय एक मोठं उंच छप्पर घालण्याऐवजी दोन-तीन लहान लहान छपरं शेजारी शेजारी, मध्ये पन्हळ. एक पाखं उडालं तरी बाकीचं घर वाचतं. याची किंमत म्हणजे गळती : ती पन्हळ तुंबली की पाणी सरळ भिंतीच्या पोटात. त्या बेटावर जुन्या घराच्या मालकाशी बोललात तर पाच मिनिटांत विषय पन्हळीवर येतो, आपल्याकडे कौलांवर येतो तसा.

आणि भिंतीचा आजचा शत्रू वादळ नाही, सिमेंट आहे. चुन्याची भिंत श्वास घेते म्हणतात, ते काव्य नाही. ओल आत शिरते आणि गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर जाते. वर सिमेंट चोपडलं की ओल आत कोंडते, समुद्राचं मीठ तिच्याबरोबर असतंच, आणि दगड आतून पिठासारखा भुरभुरतो. बोटाच्या पेराने टकटक करून बघा; पोकळ आवाज आला तर समजा गिलावा सुटलाय आणि मागे दगडाचा भुगा आहे. हे मी ऐटीत सांगतेय, पण धंद्याच्या पहिल्या वर्षात रत्नागिरीजवळच्या एका घराच्या जोत्याला मीच सिमेंटचा गिलावा करून दिला होता. तिसऱ्या पावसाळ्यात मालकाने बोलावून ती भिंत मला दाखवली. काही बोलला नाही बिचारा, चहा दिला.

मोठ्या घरांना गेल्या साठ वर्षांत खरं कोणी खाल्लं असेल तर आगीने. फार्ली हिल १९६५ मध्ये जळालं. आता नुसत्या भिंती आणि त्यांच्या आत उगवलेली झाडं, भोवती राष्ट्रीय उद्यान. सनबरी १९९५ मध्ये जळालं, ते पुन्हा उभं केलं. सॅम लॉर्डचा ‘किल्ला’ २०१० मध्ये गेला. हा सॅम लॉर्ड माडांना कंदील टांगून जहाजांना चकवायचा, ती खडकावर फुटली की लुटायचा, अशी दंतकथा आहे. दगडी भिंतींच्या आत पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं पाइन असतं, दुसरं काय होणार!

आता ती रंगीत लाकडी घरं. ती देखावा नाहीत. माझ्या मते त्या बेटाने जगाच्या वास्तुकलेला दिलेली सगळ्यात अस्सल वस्तू तीच आहे. दगडी वाडे हे बरेचसे इंग्लंडची नक्कल.

त्यांना ‘चॅटल हाउस’ म्हणतात. चॅटल म्हणजे कायद्याच्या भाषेत जंगम मालमत्ता. घर आणि जंगम? आपल्या कानाला हे खटकतं, कारण आपल्याकडे घर म्हणजे स्थावर. तर त्याचं कारण असं. १६६८ च्या कायद्याने बार्बाडोसमध्ये गुलाम माणसं स्थावर मालमत्ता ठरवली होती. जमिनीबरोबर वारसाकडे जाणारी, विहिरीसारखी किंवा झाडासारखी. १८३४ मध्ये गुलामी संपली आणि मधली ‘उमेदवारी’ची, म्हणजे जुन्या मालकाकडेच सक्तीने राबायची, चार वर्षं धरून १८३८ मध्ये सुमारे ८३ हजार माणसं खऱ्या अर्थाने मोकळी झाली. पण जायचं कुठे? बेटावर इंचन्‌इंच मळ्यांच्या मालकीचा. मालकांनी त्यांना मळ्याच्या कडेच्या निकृष्ट तुकड्यांवर राहू दिलं, अट एवढीच की काम आमच्याकडेच करायचं. काम सोडलं, मालकाशी वाजलं, की थोड्या दिवसांच्या नोटिशीवर जागा खाली. १८४०च्या कायद्याने यावर शिक्कामोर्तबच केलं. जमीन मालकाची, घर मात्र आपलं. मग घर असं बांधायचं की निघताना बरोबर नेता येईल. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण तिथे अक्षरशः खरी झाली. माणूस स्थावर होता, तो सुटला तेव्हा त्याचं घर जंगम झालं.

इथे मराठी वाचकाच्या मनात हमखास येणारा प्रश्न : मग इथे भारतीय गिरमिटिये का नाहीत? उत्तर याच गोष्टीत आहे. त्रिनिदाद आणि गयानात मोकळी जमीन होती, सुटलेली माणसं मळे सोडून गेली आणि मालकांनी भारतातून मजूर आणले. त्रिनिदादला पहिलं जहाज ३० मे १८४५ ला लागलं. बार्बाडोसमध्ये सुटलेल्या माणसाला पळायला जागाच नव्हती, म्हणून मजूर आणायची गरजही पडली नाही. भारतीय मजुरांची वस्ती आणि चॅटल हाउस या एका प्रश्नाच्या दोन उत्तरांसारख्या गोष्टी आहेत.

घराची रचना बघा. जोतं नाही, पाया नाही. प्रवाळी दगडाचे सुटे ठोकळे जमिनीवर ठेवायचे आणि त्यावर लाकडी सांगाडा नुसता टेकवायचा. खालून हवा खेळते, लाकडाला जमिनीची ओल लागत नाही, आणि निघायची वेळ आली की ठोकळे तसेच सोडून जाता येतं. लाकूड अमेरिकेहून ठरावीक फुटांच्या लांबीत कापून यायचं, ते पुन्हा कापून वाया घालवायला कोणाकडे पैसे होते? म्हणून घराची मापंच त्या फळ्यांवरून ठरली : पुढची बाजू सोळा ते वीस फूट, पुढून मागचं अंतर त्याच्या निम्मं. बरोबर मध्ये दार, दोन्ही अंगांना एकेक खिडकी. गंमत म्हणजे ही काटेकोर समतोल मांडणी मळेवाल्याच्या वाड्याचीच आहे, वीस फुटांत बसवलेली. घर हलवायचं ठरलं की भिंतीच्या चौकटी सुट्या करायच्या, गाडीवर रचायच्या, शेजारीपाजारी हाताला, आणि दुसऱ्या जागी पुन्हा जोडायच्या.

छप्पर चांगलं उभट असतं आणि भिंतीच्या बाहेर जवळजवळ येतच नाही. कोकणी डोळ्याला हे बोडकं दिसतं. आपण पावसाला घाबरतो म्हणून वळचण लांब सोडतो. ते वाऱ्याला घाबरतात. वळचणच नाही म्हणून मग प्रत्येक खिडकीवर स्वतंत्र छोटी टोपी, तिची खालची कड कोरून झालरीसारखी केलेली. खिडकीला झडपांचे तीन भाग : दोन बाजूला उघडणारे, एक वरच्या बिजागरीवर बाहेर ढकलायचा. ऊन, वारा, पाऊस आणि शेजारणीची नजर, या चौघांचा वेगवेगळा बंदोबस्त एका खिडकीत. मी त्या खिडकीसमोर अर्धा तास उभी होते. आतल्या आजीबाईंनी शेवटी मीच आत यावं म्हणून दार उघडलं.

पैसे जमले की मागे तशीच दुसरी खोली, तिच्यावर दुसरं उभट छप्पर. मग त्याच्याही मागे एक उतरतं छप्पर, स्वयंपाकासाठी. बाजूने बघितलं तर करवतीच्या दात्यांसारखी रांग दिसते. कुटुंबाची कमाई अशी पिढी-पिढीने मोजता येते.

वादळात ती टिकतात का? प्रामाणिक उत्तर : नेहमी नाही. सुटे ठोकळे ही सोय आहे, बांधणी नव्हे. १९५५ च्या जॅनेटने हजारो घरं मोडली. २ जुलै २०२१ ला एल्सा आलं, जॅनेटनंतर थेट येऊन धडकलेलं पहिलं मोठं वादळ, तेव्हाही हजाराच्या वर घरांचं नुकसान झालं आणि मार बहुतेक जुन्या लाकडी घरांनाच बसला.

मग कायदा आला, कूळकायद्याची आठवण करून देणारा. १९८० मध्ये मळ्यावरच्या वस्तीतल्या लोकांना आपल्या पायाखालची जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला, दर चौरस फुटाला १० सेंट. जमीन आपली झाली आणि घर जंगम असायचं कारणच उरलं नाही. लोकांनी मागच्या बाजूने सिमेंटचे ठोकळे लावायला सुरुवात केली : आधी स्वयंपाकघर, मग मधली खोली, सगळ्यात शेवटी पुढची. म्हणून तुम्हाला पुष्कळ घरं पुढून लाकडी, मागून काँक्रीट अशी दिसतील. जतनवाल्या मंडळींना वाईट वाटतं. मला नाही वाटत. ज्याला हुसकावून लावायची भीती होती त्याने भिंत पक्की करावी, यात चूक काय?

आता दिवस कसे लावायचे. सामना केन्सिंग्टन ओव्हलला आहे, म्हणजे तुम्ही ब्रिजटाऊनमध्येच आहात. २९ जून २०२४ ची, भारताने तिथे टी-२० विश्वचषक जिंकला त्या दिवसाची, आठवण काढून झाली की तिथून शहरात चालत जा. जुनं शहर आणि त्याची छावणी, म्हणजे गॅरिसन, दोन्ही मिळून २०११ पासून जागतिक वारशात आहेत. गल्ल्या वाकड्यातिकड्या आहेत, त्या तशाच मूळच्या. निधे इस्रायल सिनेगॉग चुकवू नका : मूळ १६५४ चं, १८३१ च्या वादळात पडलं, १८३३ मध्ये पुन्हा बांधलं. मी वर म्हटलेला छप्पर दडवणारा कठडा तिथे अगदी पुस्तकी नमुन्यासारखा दिसतो. गॅरिसनमध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचं घर आहे. १७५१ मध्ये १९ वर्षांचा असताना तो आजारी भावाबरोबर हवापालटाला आला होता. आजच्या अमेरिकेच्या बाहेर तो आयुष्यात गेला ते एवढंच. घरभाडं महिना १५ पौंड, दारू आणि धुणं वेगळं, हे त्याने रोजनिशीत टिपून ठेवलंय. शिवाय तिथेच त्याला देवीचा आजार झाला. तिथे पाणी गाळायचा प्रवाळी दगडाचा रांजण दिसला तर थांबून बघा.

दुसऱ्या दिवशी टायरॉल कॉट : १८५४ चं घर, बेटाचे पहिले प्रीमियर ग्रँटली ॲडम्स यांचं. आवारात चॅटल हाउसेस जपून ठेवली आहेत, आत जाता येतं. होलटाऊनच्या ‘चॅटल व्हिलेज’मधली घरं मात्र दुकानं आहेत, टी-शर्ट घ्यायला ठीक. तिसरा दिवस उत्तरेचा : सेंट निकोलस ॲबी, फार्ली हिल आणि मॉर्गन लुइसची पवनचक्की. उसाचा रस काढणाऱ्या, यंत्रणा शाबूत असलेल्या अशा चक्क्या सगळ्या कॅरिबियनमध्ये दोनच उरल्या आहेत. वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गेलात तर तिथला नॅशनल ट्रस्ट, म्हणजे जुन्या वास्तू जपणारी संस्था, एरवी बंद असणारी खासगी घरं ठरावीक दिवशी उघडतो, त्याची चौकशी आधी करा.

चौथ्या दिवशी दक्षिणेला न्यूटनच्या मळ्यावर जा. तिथे घर बघायचं नाही. उसाच्या शेताच्या कडेला एक उतार आहे, त्याच्याखाली सुमारे ५७० गुलाम माणसं पुरलेली आहेत. वर सांगितलेल्या वाड्यांचे दगड कोणी कापले, चुना कोणी भाजला म्हणून विचाराल तर ती अशीच माणसं. तिथून परतताना वाटेतल्या वस्तीतून गाडी हळू चालवा आणि एखादं लाकडी घर आवडलं तर फोटो काढण्याआधी ओट्यावर बसलेल्या माणसाला ‘गुड आफ्टरनून’ म्हणा. तिथे नमस्कार न करता बोलायला सुरुवात करणं फार उद्धट समजतात. नमस्कार केलात तर घराखालचे ठोकळे तो स्वतःच वाकून दाखवेल.